वसईची घंटा कोणाची?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींना घेऊन मी भीमाशंकरला गेलो होतो. चाकणहून राजगुरुनगर, पुढे चास, वाडा, तळेघर असा तो रस्ता. एरवी आठवडाभर कारखान्याची शिफ्ट आणि महामार्गावरची वाहतूककोंडी यांतच आपल्या मुलांचे दिवस जातात. त्या दिवशी भातखाचरांतील लावणी, डोंगरावरून कोसळणारे ओहोळ आणि ढगांत शिरलेले रान पाहून सगळे हरखून गेले. जंगलात फिरायचे आणि संध्याकाळी परतायचे, एवढाच बेत होता. पण इतक्या दूर आलो आहोत तर देऊळही बाहेरून पाहू, असे ठरले.

त्या आवारात शनीच्या देवळापुढे एक मोठी घंटा टांगलेली आहे. आपल्या देवळांतील घंटांपेक्षा तिची घडण वेगळी आहे. चर्चच्या मनोऱ्यात असते तशी ती आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तेथील चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आणल्या गेल्या आणि निरनिराळ्या देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच एक. वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, अशीच एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी १७४७ साली बांधलेले नारोशंकराचे देऊळ आहे. तेथील घंटाही वसईचीच सांगतात. खणखणीत आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात ते तिच्यावरूनच.

हे सारे मी मुलांना सांगत होतो, तोच एका खेड्यातली म्हातारी बाई पुढे आली. तिने घंटेला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि पुढे गेली. आमच्यातला एक तरुण मला म्हणाला, "फादर, म्हणजे ही आपली घंटा आहे. मग आपण ती परत मागायला नको का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. "चल, आधी चहा घेऊ," एवढेच म्हणालो. पण परतीच्या बसमध्ये तोच विषय रंगला. दुसरा एक मुलगा सांगू लागला की, त्याच्या कंपनीच्या बसमध्ये एकाने त्याला सर्वांसमोर सुनावले होते, "तुमच्या लोकांनी गोव्यात आमची देवळे पाडली." ह्याला काय उत्तर द्यावे ते सुचले नव्हते. आता त्याला उत्तर सापडले होते: तुम्हीही आमच्या घंटा नेल्यात! बसमध्ये टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी दोघे-तिघे माझ्याकडे आले. त्यांनी एक अर्ज लिहून आणला होता. वसईच्या घंटा ख्रिस्ती समाजाला परत मिळाव्यात, अशी मागणी होती. खाली माझी सही हवी होती. वर 'प्रति' लिहून पुढची जागा रिकामी सोडली होती. अर्ज कोणाला द्यायचा ते त्यांना ठाऊक नव्हते. "ते तुम्ही भरा, फादर," असे ते म्हणाले.

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. मुलांनी मनापासून विचारले आहे. त्यांना थट्टेवारी नेणे बरे नव्हे. म्हणून आज सर्वांसमोरच ह्या प्रश्नाचा विचार करू या. युद्धात हिसकावून नेलेली पवित्र वस्तू कोणाची? काळ उलटला की ती नेणाऱ्याची होते का? आणि ती परत मागणे हा न्याय आहे की वैर?

हा प्रश्न आपल्यापुढे पहिल्यांदा आलेला नाही. नेमका घंटांवरूनच तो एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये उभा राहिला होता. काही वर्षांपूर्वी यात्रेच्या निमित्ताने मला तो देश पाहता आला. आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांना स्पेनचे आणि पोर्तुगालचे लोक 'मूर' म्हणत. ह्या मूरांची राजधानी होती कोर्दोबा. तेथे आठव्या शतकाच्या अखेरीस अब्द अल-रहमान ह्या राजाने एक मशीद बांधायला घेतली. पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. आत शिरले की आठशेहून अधिक खांबांचे जणू रानच लागते. खांबांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. आणि ह्या रानाच्या मधोमध सोळाव्या शतकात उभारलेले उंच कॅथेड्रल! मशिदीचा मनोराही आज घंटांच्या बुरुजाच्या पोटात आहे. सेव्हिल शहरातील प्रसिद्ध हिराल्दा मनोऱ्याचीही तीच कथा. तळाचा भाग बाराव्या शतकातला, मशिदीचा; माथ्यावरचा सोळाव्या शतकातला, घंटांचा. प्रवासी ह्या वास्तू पाहायला जगभरातून येतात, छायाचित्रे काढतात आणि पुढच्या ठिकाणी जातात.

पण ह्या कोर्दोबाची एक हकिकत छायाचित्रात येत नाही. ९९७ साली तेथील मातब्बर सेनापती अल-मन्सूर ह्याने उत्तरेकडील सांतियागो दे कोम्पोस्तेला ह्या तीर्थक्षेत्रावर स्वारी केली. प्रेषित संत याकोबाची कबर तेथे आहे, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. त्याने शहर जाळले, चर्च पाडले. पण प्रेषिताच्या कबरीला हात लावला नाही, असे जुने इतिहासकार नोंदवतात. चर्चच्या घंटा मात्र ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून कोर्दोबाला नेल्या आणि त्या उलट्या टांगून मशिदीत त्यांचे दिवे केले, असे परंपरा सांगते. पुढे १२३६ साली कास्तिलचा राजा तिसरा फर्नांडो ह्याने कोर्दोबा जिंकले. त्याने त्या घंटा शोधून काढल्या आणि परत पाठवल्या. कशा? मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून, जवळजवळ साऱ्या स्पेनच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत!

हाच फर्नांडो पुढे संत म्हणून गौरवला गेला. त्याच्या भक्तीविषयी मला शंका घ्यायची नाही. पण कोर्दोबात उभा असताना माझ्या मनात आले, त्या कैद्यांपैकी एकानेही सांतियागोहून घंटा आणल्या नव्हत्या. आणणारे मरून दोनशे चाळीस वर्षे होत आली होती. ओझे मात्र ह्यांच्या खांद्यावर आले. घंटा आपल्या जागी परतल्या. पण न्याय झाला असे म्हणता येईल का? एका बाजूचा अपमान दुसऱ्या बाजूला पोचता झाला, एवढेच.

आता पवित्र शास्त्रात पाहा. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमच्या मंदिरातील सोन्या-रुप्याची पात्रे बाबेलला नेली. दानिएलच्या ग्रंथात आपण वाचतो की, बेलशस्सराने मेजवानीत त्या पात्रांतून मद्य प्यायले आणि त्याच रात्री भिंतीवर हाताची बोटे उमटली. म्हणजे पवित्र वस्तू हिसकावणे ही एक गोष्ट आणि तिची विटंबना करणे ही दुसरी, हा फरक शास्त्र जाणते. पुढे कोरेश राजाचे राज्य आले. एज्राच्या ग्रंथात सांगितले आहे की, त्याने स्वतःच्या हुकमाने ती पात्रे मोजून परत दिली. सारी मिळून पाच हजार चारशे. कोणी त्याच्यावर तलवार उगारली नव्हती. जक्कयानेही तेच केले. प्रभू येशू त्याच्या घरी गेला, त्याने हिशेब मागितला नाही. जक्कय आपण होऊन चौपट परत करायला उठला.

फर्नांडोनेही परत केले, कोरेशानेही परत केले. मग फरक कोठे आहे? मला वाटते, घंटा परतीच्या वाटेवर कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहावे. ज्याच्याकडे ती वस्तू आहे, तो आपल्या मनाने, आपल्या हाताने ती उचलून देत असेल, तर ती परतफेड. हरलेल्याच्या पाठीवर लादून ती आणली जात असेल, तर ती दुसरी लूट.

येथे कोणी विचारील, "मग फादर, दुबळ्याने गप्पच बसायचे का? देणाऱ्याला सुबुद्धी सुचेपर्यंत वाट पाहायची का?" नाही, मुळीच नाही. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस ह्यांचे नीतिशास्त्र शिकलो. ते सांगतात की, दुसऱ्याचे घेतलेले परत करणे ही दया नव्हे, तो न्याय आहे. आणि ते दडवून ठेवणे म्हणजे सातव्या आज्ञेचा रोजच्या रोज भंग करणे. आपल्या भागात तर हे फार जपून सांगायला हवे. चाकण परिसरात कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि घराघरांत वाटणीचे वाद पेटले. भावाने बहिणीला न विचारता जमीन विकली, तर त्या बहिणीला मी "मागचे विसर, मुली" असे सांगणार नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. ती जिवंत आहे, भाऊ जिवंत आहे, कागद तलाठ्याकडे आहे. तिने मागावे, वेळ पडली तर कोर्टात जावे आणि भावाने पापनिवेदनाला येण्यापूर्वी तिचा वाटा द्यावा. क्षमेचे प्रवचन लुबाडलेल्याला गप्प करण्यासाठी वापरू नये.

पण परतफेडीत तीन गोष्टी लागतात: काय द्यायचे, कोणी द्यायचे आणि कोणाला द्यायचे. बहिणीच्या बाबतीत तिन्ही स्पष्ट आहेत. घंटेच्या बाबतीत घंटा तेवढी समोर आहे. मुलांच्या अर्जावर 'प्रति' पुढची जागा रिकामी राहिली, ती काही त्यांच्या अज्ञानामुळे नव्हे. ती भरता येण्याजोगी नाहीच. घंटा नेणारे चिमाजी अप्पा १७४० सालीच वारले. पेशवाई १८१८ मध्ये संपली. मग देणारा कोण? ज्या बाईने घंटेला हात लावून तो कपाळाला लावला, ती का? तिने कोणाचे काय नेले आहे?

आणि अर्जाच्या खालची जागा, 'आपला अर्जदार', ती तरी भरता येते का? आपल्या धर्मग्रामाकडे पाहा. काही कुटुंबे वसईची आहेत, काही गोव्याची, मंगळूरची, काही केरळ-तमिळनाडूतून नोकरीसाठी आलेली. पण मराठी बोलणारे आपण बहुतेक अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेलो. आपल्या गावांत शुभवर्तमान पोचले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. १७३९ मध्ये आपले पणजोबा-खापरपणजोबा ना वसईत होते, ना ख्रिस्ती होते. मराठ्यांच्या फौजेबरोबर ओझी वाहणारी शेकडो माणसे असत. कोणी सांगावे, ती घंटा घाटावर चढवणाऱ्यांत आपलाच कोणी पूर्वज असेल! मग आपण लुटलेल्यांचे वारस की लुटणाऱ्यांचे? मला वाटते, दोघांचेही. ह्या मातीतल्या बहुतेक माणसांचे असेच आहे.

आता कंपनीच्या बसमध्ये आपल्या मुलाला ऐकावे लागले त्याकडे येऊ. त्या सहकाऱ्याचा स्वर चुकीचा होता. चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी शेजारी बसलेल्या माणसाला जबाबदार धरणे म्हणजे पुन्हा कैद्यांच्या खांद्यावर घंटा लादणेच. पण त्याने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यात देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा त्यांच्या भक्तांनी नदीपलीकडे, फोंड्याच्या बाजूला, आदिलशाही मुलखात नेली. आजची मंगेशी आणि कवळे ही क्षेत्रे अशी झाली. म्हणजे ख्रिस्ती राज्यातून निघालेल्या हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान बादशहाच्या हद्दीत! त्याच फोंड्याजवळ १५६० साली आदिलशाहाने बांधलेली साफा मशीद आजही आहे. जुन्या गोव्यात संत कायेतानच्या चर्चशेजारी आदिलशाही राजवाड्याच्या दरवाजाची एक कमान तेवढी उरली आहे. राजवाडा पोर्तुगीजांनी घेतला आणि पुढे तोही गेला.

२०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण बसने जुन्या गोव्याला गेले. त्या कमानीजवळून आपण चालत गेलो. किती जणांनी थांबून पाहिले? मी तरी थांबलो नव्हतो. हे मला आता टोचते. वसईच्या घंटेपाशी मी मुलांना सारी हकिकत सांगत बसलो. गोव्याच्या कमानीपाशी मात्र मला बस सुटण्याची घाई होती. आपल्यावर झालेला अन्याय तारखेसकट आठवायचा आणि आपल्या नावाने झालेला अन्याय घाईत ओलांडायचा, ही खोड सर्वच समाजांत आहे. पण इतरांत आहे म्हणून ती आपल्याला माफ होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल देवाकडे जाहीरपणे क्षमा मागितली. त्यांनी दुसऱ्यांच्या अपराधांची यादी वाचली नाही. आपली वाचली.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली ख्रिस्ती व मुसलमानांना उद्देशून मागील वैर विसरण्याचे आवाहन केले. काहींना वाटते, विसरणे म्हणजे इतिहास पुसून टाकणे. मला तसे वाटत नाही. उधारीची वही फाडली, तर काय घेतले-दिले ते कळणारच नाही. वही ठेवावी, खरी ठेवावी, दोन्ही बाजूंची ठेवावी; फक्त ती दाखवून शेजाऱ्याकडे वसुली करू नये.

आणि वहीत जमेच्या बाजूलाही नोंदी असतात. पुण्यात क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची पहिली जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी दिली. सवाई माधवराव हे चिमाजी अप्पांच्या थोरल्या भावाचे पणतू. ज्या घराण्याने वसईच्या घंटा आणल्या, त्याच घराण्याने त्रेपन्न वर्षांनी पुण्यात घंटा वाजायला जागा करून दिली. ती कोणी परतफेड म्हणून दिली नसेल, फौजेची सोय म्हणूनच दिली असेल. तरी दिली, आपल्या हाताने दिली. बसमध्ये उत्तर द्यायचेच असेल तर ही गोष्टही सांगा.

संत थॉमस आणखी एक गोष्ट सांगतात, तिच्यामुळे मला वाट दिसली. ज्याला परत द्यायचे तो माणूस सापडतच नसेल, तर त्याच्या कल्याणासाठी दानधर्म करावा, असे ते म्हणतात. देणे फिटत नाही म्हणून देण्याची वृत्ती सोडायची नाही.

तेव्हा मुलांनो, मी तुमच्या अर्जावर सही करणार नाही. तुमचा प्रश्न चुकीचा होता म्हणून नव्हे. शोमरोनी स्त्रीने विहिरीवर प्रभूला विचारले होते, उपासनेचे खरे ठिकाण हा डोंगर की यरुशलेम? प्रभूने तिला कोणत्याही एका जागेचा ताबा दिला नाही. आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करणारे पित्याला हवे आहेत, हे दाखवून दिले. त्यातला खरेपणा आपल्या वाट्याला येतो. भीमाशंकरची घंटा विटंबनेत पडलेली नाही. ती देवापुढे टांगलेली आहे आणि भोळी माणसे तिला हात जोडतात. ती कोठून आली हे कोणी नाकारत नाही आणि कोणी नाकारू लागले तर आपण नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगू. एवढे मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो मी सोडायला सांगत नाही.

पुढची सहल वसईला नेऊ. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण देणारा आपल्या देशाचा पहिला संत गोन्सालो गार्सिया त्याच वसईचा. त्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये आपण प्रार्थना करू आणि तेथे दोन्ही बाजूंनी मेलेल्या सर्वांसाठी करू. त्यानंतर गोव्याला गेलो की जुन्या गोव्याबरोबर मंगेशीलाही बस थांबवू. देवळाचे नियम पाळून बाहेर उभे राहू आणि तो देव तेथे का आला, हे ह्या वेळी मी तुम्हांला सांगीन. मला ते सोपे जाणार नाही.

अर्जाचा कागद परत नेलात तरी चालेल. पण बसमधल्या त्या सहकाऱ्याला एकदा नाताळचा फराळ घेऊन भेटा.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.

तुमचा धर्मगुरू